अमेरिकेच्या खेड्यांतल्या सुईणी

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंचच उंच इमारती, रुंद रस्ते आणि काचेसारखी लख्ख इस्पितळे उभी राहतात. त्या देशात मूल जन्माला येते ते पांढऱ्या चादरीवर, डॉक्टरांच्या हाती, यंत्रांच्या पहाऱ्यात, अशी आपली समजूत असते. आणि आज ती बहुतांशी खरीही आहे. पण फार मागे जायला नको. १९०० च्या सुमारास त्या देशातील शंभर बाळंतपणांपैकी पाचसुद्धा इस्पितळात होत नसत, आणि निम्म्याच्या आसपास बाळंतपणे सुईणींच्या हातून होत. दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात, म्हणजे अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना या राज्यांत, खेड्यापाड्यांतल्या सुईणी तर अगदी १९७० नंतरही आपले काम करीत होत्या. त्यांची हकिगत या आठवड्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती वाचताना आपल्या बेटावरच्या कुटुंबांना, विशेषतः घरातल्या आज्यांना, जागोजागी ओळखीच्या खुणा भेटतील अशी आमची खात्री आहे.

या सुईणी बहुतेक साऱ्या आफ्रिकन वंशाच्या. लोक त्यांना 'ग्रॅनी' म्हणत, म्हणजे आजीबाई. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरील गुलाम स्त्रियांची बाळंतपणे त्या करीत. मालकिणीचे दिवस भरले की पुष्कळदा तिच्याही खोलीत त्यांनाच बोलावणे जाई. मळेवाल्याच्या दृष्टीने यात हिशेबही होता. गुलाम बाईला झालेले मूल कायद्याने तिच्या मालकाचे. तेव्हा सुईण म्हणजे त्याच्या मालमत्तेत भर घालणारी बाई. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली संपली. आपल्या बेटावर ती तीस वर्षे आधी, १८३५ मध्ये, गेली होती, आणि ऊसमळ्यांवर तिची जागा भरून काढण्यासाठीच आपले कोकणातले पूर्वज गिरमिटावर आणले गेले, हे वाचकांना ठाऊकच आहे.

गुलामगिरी गेली तरी डॉक्टर मात्र काळ्यांच्या झोपडीपर्यंत आला नाही. गोरा डॉक्टर दहा-वीस मैलांवरच्या गावात. तो येईल तर आधी पैसे मागणार, आणि कसणाऱ्याच्या हाती पैसा येणार तो कापूस विकल्यावर. कित्येक इस्पितळांत काळ्यांना प्रवेश नव्हता. जिथे होता तिथे तळघरातली किंवा मागच्या अंगाची वेगळी खोली. अशा वेळी सुईण ही केवळ रूढी म्हणून टिकली असे म्हणणे बरोबर होणार नाही. तिच्यावाचून दुसरे कोणी येतच नव्हते. ती खेचरावर येई, गाडीतून येई, नाहीतर पायी. आली की मूल होईपर्यंत राही, आणि झाल्यावरही दोन दिवस थांबून चूल पेटवी, कपडे धुई, मोठ्या पोरांना जेवू घाली. मोबदला काय? जमले तर काही डॉलर, नाहीतर एखादी कोंबडी, डुकराच्या मांसाचा तुकडा, परसातली भाजी. पुष्कळदा नुसताच दुवा. आपल्याकडे सुईणीला शेरभर तांदूळ, नारळ आणि लुगडे देऊन ओटी भरण्याची चाल होती. दोन्हीकडच्या या हिशेबात फारसा फरक दिसत नाही.

आणि चालीरीती पाहाव्यात तर मौजच वाटते. वेणा फार येऊ लागल्या की ग्रॅनी बाळंतिणीच्या गादीखाली कुऱ्हाड नाहीतर सुरी ठेवी. ती कळा 'कापून काढते' असा समज. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवीत, ती दृष्ट आणि भूतबाधा दूर ठेवण्यासाठी. कारण वेगळे, पण लोखंड तेच. तिकडे बाळंतिणीच्या खोलीतल्या चुलाण्याची राख काही दिवस बाहेर टाकायची नाही असा नेम होता. आपल्याकडेही त्या खोलीतली शेगडी विझू देत नसत. वार उघड्यावर टाकायची नाही, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाता कामा नये, म्हणून ती पुरायची किंवा जाळायची, हे दोन्हीकडे सारखे. तिकडे बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नसे, आणि महिना भरल्यावर सुईण येऊन तिला विधिपूर्वक 'उठवी'. आपल्याकडचा सव्वा महिना हा त्याचाच सख्खा भाऊ. मूल डोक्यावर पातळ पडदा घेऊन जन्मले तर त्याला भुतेखेते दिसतात असे ते मानीत. आपल्याकडे पायाळू मुलाला जमिनीतले धन दिसते असे सांगणाऱ्या आज्या अजून काही घरांत असतील. आफ्रिकेतून निघालेली ही माणसे आणि कोकणातून निघालेली आपली माणसे यांची गाठ कुठे पडली असेल? बहुधा कुठेच नाही. माणसाला ज्याची भीती वाटते ती गोष्ट सगळीकडे एकच असते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावतो.

काही चाली नुसत्या समजुती नव्हत्या, त्यांत अनुभवाचे शहाणपण होते. ग्रॅनी बाळंतिणीला निजवून ठेवीत नसे. तिला फिरवी, गुडघ्यांवर बसवी, उलट्या पाडून ठेवलेल्या खुर्चीला टेकून ओणवे होऊ देई, नवऱ्याला मागून आधार द्यायला लावी. पुढे सरकारी परिचारिकांनी हे गावंढळ म्हणून बंद करविले आणि पलंगावर उताणे निजणे हेच सभ्य ठरविले. आज जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की प्रकृती ठीक असेल तर वेणांच्या वेळी बाईने हिंडावे-फिरावे, तिला सोसेल त्या स्थितीत राहावे. आपल्या क्रेओलमध्ये सुईणीला 'फाम-साज' म्हणतात, म्हणजे शब्दशः शहाणी बाई. तिकडच्या ग्रॅनी आपल्या विद्येला 'मदरविट' म्हणत. आईची उपजत अक्कल.

पण सगळे गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. रक्त थांबवायला कोळ्याचे जाळे आणि काजळी, काढ्यात कुंभारीण माशीच्या घरट्याची माती, असले उपायही त्यात होते. आपल्याकडे नाळ कापल्यावर बेंबीला राख किंवा शेण लावण्याची चाल कित्येक गावांत होती. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. ते कोवळ्या बेंबीतून आत शिरले की आठवड्याभरात मूल दूध ओढायचे थांबते, अंग ताठते आणि जाते. घरची माणसे म्हणत, सटवाईने नेले. सटवाईचा त्यात काही दोष नव्हता, दोष होता तो न उकळलेल्या विळ्याचा आणि राखेच्या चिमटीचा. बाळंतिणीच्या तापाचेही तेच. हाताची घाण आत गेली की सूतिकाज्वर आलाच, मग तो हात सुईणीचा असो की डॉक्टरचा.

येथे आपल्या एका मराठी मुलीची आठवण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याआधी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, हे आपल्या मुलामुलींना शिकवले जातेच. पण पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय फार थोड्यांना ठाऊक असतो. तो विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. स्वतः आनंदीबाईंचे पहिले मूल त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी झाले आणि दहा दिवसांचे होऊन गेले. तेव्हाच डॉक्टर होण्याचा ध्यास त्यांनी घेतला असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला आणि ती जागा त्यांना कधी सांभाळता आली नाही. त्यांच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्यांना मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. फिलाडेल्फियात आनंदीबाई जुन्या ग्रंथांतील प्रसूतीची माहिती इंग्रजीत उतरवीत होत्या, त्याच वेळी त्याच देशाच्या दक्षिणेत हजारो ग्रॅनी एकही ग्रंथ न वाचता तेच काम हातांनी करीत होत्या. त्यांना शिकवावे असे मात्र अजून कोणाच्या मनात आले नव्हते.

ते मनात आले पुढच्या शतकात, आणि तेही सरळपणे नव्हे. १९१० नंतर अमेरिकन डॉक्टरांनी 'सुईणीचा प्रश्न' म्हणून मोठा गदारोळ उठविला. बायका आणि मुले मरतात, कारण अडाणी सुईणी, असा त्यांचा रोख होता. शिकागोचे डॉक्टर जोसेफ डीली यांनी तर सुईण म्हणजे रानटीपणाचा अवशेष असे १९१५ मध्ये म्हटले. पण गंमत पाहा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम्स यांनी १९११ साली देशभरच्या प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे प्रश्नावली पाठविली होती. उत्तरे आली ती अशी की साधे डॉक्टर आपल्या चुकीच्या उपचारांनी सुईणींइतक्याच, किंबहुना जास्तच, बायका गमावतात. विल्यम्स स्वतः सुईणींचे कैवारी नव्हते, म्हणून या कबुलीला विशेष वजन आहे. पुढे न्यूयॉर्क शहरातील १९३० ते १९३२ या तीन वर्षांच्या बाळंतमृत्यूंची तेथील वैद्यक अकादमीने तपासणी केली आणि १९३३ च्या अहवालात म्हटले की सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू टाळता आले असते. त्यांतील मोठा वाटा डॉक्टरांच्या पदरी पडत होता, सुईणींच्या नव्हे. दक्षिणेतल्या काळ्या बायका अधिक मरत होत्या हे खरेच. परंतु उपासमार, हिवताप, उपदंश आणि आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत शेतात कमरेत वाकून केलेली कापूसवेचणी यांचा जाब सुईणीला विचारणे सोपे होते, जमीनदाराला विचारणे कठीण.

१९२० साली अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि लगोलग १९२१ मध्ये शेपर्ड-टाउनर नावाचा कायदा झाला. माता आणि बालके यांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने राज्यांना पैसा देण्याची ही पहिलीच वेळ. नवे स्त्री-मतदार काय करतील या धाकाने पुष्कळ पुढाऱ्यांनी त्याला हात वर केला, असे इतिहासकार म्हणतात. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि १९२९ मध्ये पैसा बंद झाला. पण तेवढ्या आठ वर्षांत दक्षिणेत एक पायंडा पडून गेला होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून सुईणींची नोंद झाली, त्यांना परवाने मिळाले, आणि महिन्यातून एकदा आरोग्य खात्याच्या परिचारिकेपुढे त्यांचे वर्ग भरू लागले.

या वर्गांचा मोठा मान म्हणजे सुईणीची पिशवी. आतून पांढरे अस्तर, काढून धुता येईल असे. आत पांढरा झगा, टोपी, साबण, नखे घासायचा ब्रश, उकळून घेतलेली कात्री, नाळ बांधायच्या फिती, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, वजनाचा काटा आणि जन्मनोंदीचे कागद. चादरी परवडत नसत म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या शिवून अंथरायच्या, हे त्या वर्गांतच शिकवीत. त्या थेंबांमुळे प्रसूतीच्या वेळी जंतू शिरून येणारे अंधत्व टळे. त्या कागदांमुळे, ज्यांचा जन्म कुठेच नोंदला जात नसे अशा काळ्या मुलांच्या नावाने सरकारदरबारी एक ओळ उमटे. पुढे शाळेत, नोकरीत, निवृत्तिवेतनात ती ओळ किती उपयोगी पडते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आजोबांचा गिरमिटाचा क्रमांक शोधत अभिलेखागारात बसलेली माणसे आपल्यातही आहेत.

परिचारिका पिशवी उलटी करून तपासी. एखादी मुळी, एखादा काढ्याचा पाला सापडला तर बोलणी, वेळी परवाना रद्द. म्हणून काही ग्रॅनींकडे दोन पिशव्या असत, एक दाखवायची आणि एक न्यायची, असे त्यांच्या आठवणींतून कळते. आम्हांला यात लबाडी दिसत नाही. एका हाताने नवे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने जुने न सोडायचे, ही परदेशी वाढलेल्या आपल्या घरांनाही चांगली ठाऊक असलेली युक्ती आहे.

या शिकलेल्या ग्रॅनींपैकी मेरी कोली यांचे नाव सर्वांत प्रसिद्ध. त्या जॉर्जिया राज्यातील ऑल्बनीच्या. १९०० साली जन्म, १९६६ मध्ये निधन. हातून तीन हजारांवर मुले झाली. जॉर्जियाच्या आरोग्य खात्याला सुईणींना शिकविण्यासाठी चित्रपट हवा होता. तो काढण्याचे काम जॉर्ज स्टोनी यांच्याकडे आले आणि त्यांनी कोलीबाईंनाच त्यात घेतले. १९५३ चा 'ऑल माय बेबीज' तो हाच. त्यात दोन घरची बाळंतपणे आहेत. एका घरी सगळी तयारी वेळेवर झालेली, दुसऱ्या घरी गरिबी आणि हलगर्जी, आणि मूल दिवस भरण्याआधीच आलेले. कोलीबाई दोन्हीकडे तितक्याच शांतपणे हात धुतात. धडा शिकवायला काढलेला चित्रपट पाहून लोक त्या बाईच्या प्रेमात पडले, आणि तो अमेरिकेबाहेरच्या देशांतही सुईणींच्या शिक्षणासाठी दाखविला गेला.

साउथ कॅरोलायनातील पाइनव्हिल येथे मॉड कॅलन होत्या. त्या ग्रॅनी नव्हत, शिकलेल्या परिचारिका आणि सुईण. पण ग्रॅनींना शिकवून तयार करण्याचे मोठे काम त्यांनी केले. १८९८ चा जन्म, लहानपणीच आईवडील गेले, डॉक्टर असलेल्या काकांनी वाढविले. १९२३ मध्ये त्या पाइनव्हिलला गेल्या त्या कायमच्या. सुमारे ४०० चौरस मैलांचा दलदलीचा मुलूख, रस्ते नाहीत, वीज नाही. दवाखाना स्वतःच्या घरातच. 'लाइफ' या विख्यात साप्ताहिकाच्या यूजीन स्मिथ या छायाचित्रकाराने त्यांच्याबरोबर काही आठवडे काढले आणि ३ डिसेंबर १९५१ च्या अंकात बारा पानांची चित्रमाला आली. ती पाहून वाचकांनी मिळून वीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली आणि १९५३ मध्ये कॅलनबाईंचा खराखुरा दवाखाना उभा राहिला. रंगभेद कायद्याने चालू असलेल्या त्या काळात एका काळ्या बाईसाठी हे पैसे आले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे वार्धक्यात राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याकडून व्हाइट हाउसचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी हातात काम आहे म्हणून नाही सांगितले. १९९० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या हातून झालेल्या बाळंतपणांची संख्या सहाशे ते आठशेच्या दरम्यान धरतात.

केंटकीच्या डोंगरांतली गोष्ट वेगळी. तिथल्या वस्त्या गरीब गोऱ्यांच्या, आणि सुईणीही गोऱ्या. मेरी ब्रेकिनरिज या बाईंनी स्वतःची दोन मुले गमावल्यावर इंग्लंडात जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले आणि १९२५ मध्ये लेस्ली काउंटीत संस्था काढली. तिच्या परिचारिका घोड्यावरून ओढे-नाले ओलांडीत घरोघर जात. पहिल्या हजार बाळंतपणांत प्रसूतीच्या कारणाने एकही बाई दगावली नाही असे एका विमा कंपनीच्या सांख्यिकाने तपासून सांगितले, आणि साऱ्या देशात तिचे नाव झाले. मात्र ब्रेकिनरिजबाईंनी काळ्या परिचारिकांना आपल्या संस्थेत घेतले नाही, हेही त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. घोडे, दऱ्या आणि गोऱ्या परिचारिका यांची गोष्ट पुस्तकांत आली. ग्रॅनींची फार उशिरा आली.

मग या ग्रॅनी गेल्या कशा? एका दिवसात नव्हे. १९४६ नंतर केंद्र सरकारच्या पैशाने गावोगाव इस्पितळे बांधली गेली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने त्यांची दारे काळ्यांना उघडावी लागली, आणि १९६५ च्या कायद्याने आलेल्या मेडिकेड योजनेत गरिबांच्या इस्पितळाचे बिल सरकार भरू लागले. ज्या दारातून आपल्या आईला परत पाठविले त्याच दारातून आत जाण्याचा हक्क मिळाल्यावर लेकी इस्पितळात गेल्या, यात नवल ते काय? त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. १९७० च्या सुमारास देशातली शंभरातली नव्याण्णव बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली होती.

परंतु लोक आपणहून दूर जाणे वेगळे आणि कायद्याने दार लावणे वेगळे. अलाबामाने १९७६ मध्ये कायदा करून परिचारिकेची पदवी नसलेल्या सुईणींचा धंदाच बंद केला. ग्रीन काउंटीतील यूटॉ गावच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तोवर तीन हजारांच्या घरात मुले जन्मास घातली होती आणि एकही बाळंतीण हातून जाऊ दिली नव्हती असे त्यांच्याविषयी सांगतात. शेतात राबायचे आणि रात्री हाक आली की पिशवी उचलायची, असे त्यांचे आयुष्य. १९८१ पर्यंत त्यांनी काम केले. १९८३ मध्ये यूटॉ नगराने त्यांना सन्मानाची किल्ली दिली. ज्या नगराने काळ्या व्यक्तीला ती यापूर्वी कधीच दिली नव्हती. मोबील शहराच्या ऑनी ली लोगन यांचा परवाना १९८४ मध्ये थांबला. त्यांनी सांगितलेल्या आठवणी 'मदरविट' या नावाने १९८९ साली पुस्तकरूपाने आल्या. आपण जाणतो ते सगळे आपल्याबरोबर मातीत जाऊ नये, असे त्यांना वाटत होते.

आणि याच वर्षांत शेजारच्या टेनेसी राज्यात काय चालले होते? १९७१ मध्ये तरुण, शिकलेल्या गोऱ्या लोकांनी 'द फार्म' नावाची वसाहत केली, तिथल्या आयना मे गास्किन यांनी घरची बाळंतपणे सुरू केली, आणि १९७५ च्या त्यांच्या पुस्तकाने सुईणपणाला नवी प्रतिष्ठा आली. बाळाचा खांदा अडकला तर बाईला हातापायांवर ओणवे करायचे, ही त्यांच्या नावाने आज वैद्यकाच्या पुस्तकांत छापलेली युक्ती त्या ग्वाटेमालाच्या खेड्यातील सुईणींकडून शिकल्या. तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही आहे. गास्किनबाईंच्या कामाबद्दल आम्हांला आदरच आहे. पण एका राज्यात जुन्या सुईणींच्या पिशव्या जमा होत असता शेजारच्या राज्यात तीच विद्या नवी म्हणून गाजावी, हे वाचून कोणालाही थोडे थांबावेसे वाटेल.

आता आजचे आकडे पाहा. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे गोऱ्या स्त्रियांतील बाळंतमृत्यू १४.५ होते, आणि काळ्या स्त्रियांतील ५०.३. श्रीमंत देशांच्या रांगेत अमेरिका या बाबतीत तळाशी आहे. खेड्यांतील इस्पितळांनी परवडत नाही म्हणून प्रसूतिविभाग एकामागून एक बंद केले. 'मार्च ऑफ डाइम्स' या संस्थेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातील शंभरातल्या पस्तीसहून अधिक काउंट्यांत प्रसूतीचे इस्पितळ नाही, प्रसूतिगृह नाही आणि प्रसूतितज्ज्ञही नाही. ग्रॅनी असत्या तर हे आकडे वेगळे असते असे आम्ही म्हणत नाही. रक्तदाब, हृदयविकार, रक्तस्राव यांपुढे नुसत्या पिशवीचे काही चालत नाही, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर इस्पितळच हवे. पण गरोदर बाईच्या पायांची सूज पाहून जी आज दुपारीच डॉक्टरकडे चल म्हणाली असती ती दारातली बाई गेली, आणि दारातून दिसणारे इस्पितळही गेले. त्या काउंटीतली बाई आता कुठे जाते? वेणा सुरू झाल्यावर तासभर मोटार हाकीत जाते.

सुईणीला काढून न टाकता शिकविले तर काय होते, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने दिले आहे, म्हणून अमेरिकेतून क्षणभर गडचिरोलीस येऊ. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे दांपत्य ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम्स शिकवीत त्याच विद्यापीठात शिकून परत आले आणि १९८० च्या दशकात गडचिरोलीच्या जंगलात 'सर्च' ही संस्था काढून बसले. त्यांनी ३९ गावांत सुईणींना शिकविले, आणि त्यांच्या जोडीला गावातल्याच थोडे लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांना आरोग्यदूत केले. बाळाला उबेत ठेवायचे, वजन करायचे, श्वास मोजायचे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून इंजेक्शन द्यायचे, हे सगळे त्या घरी जाऊन करीत. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या मान्यवर नियतकालिकात ते छापून आले आणि २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर घेतली. आज महाराष्ट्रात शंभरातली पंचाण्णवच्या आसपास बाळंतपणे इस्पितळात होतात. सुईण तिथेही मागे पडली. पण बाळ घरी आल्यावर दार ठोठावणारी बाई मात्र राहिली आहे.

अलाबामातही दार पुन्हा किलकिले झाले. २०१७ मध्ये तेथील विधिमंडळाने प्रमाणपत्र घेतलेल्या, पण परिचारिका नसलेल्या, सुईणींना घरी बाळंतपण करण्याची परवानगी देणारा कायदा केला आणि २०१९ मध्ये पहिले परवाने निघाले. लोगनबाई १९९५ मध्येच गेल्या होत्या. स्मिथबाई ९८ वर्षांच्या होऊन २००४ मध्ये गेल्या.

'ऑल माय बेबीज' हा चित्रपट २००२ साली अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत घातला आहे, आणि तो घरबसल्या पाहायला मिळू शकतो. तासाभराहून थोडा कमीच आहे. आपल्या एखाद्या महिला मंडळाने म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवून तो दाखविला तर चित्रपट संपल्यावर गप्पा बऱ्याच वेळ चालतील, आणि कोणी त्या लिहून घेतल्या तर आमच्या पानासाठी अवश्य पाठवाव्यात. मात्र त्यात बाळाचा जन्म काहीही न झाकता दाखविला आहे, तेव्हा लहान मुलांना बरोबर आणायचे की नाही हे आधी ठरवून घ्यावे.